शाळेच्या लॅबमध्ये डेबियन टाकतोय, बंद फर्मवेअरचं काय करायचं?

होटगी रोड

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेला पुण्याच्या एका कंपनीने वापरलेले लॅपटॉप दिलेत. डिस्क कोऱ्या करून दिल्यात. लॅब उभी करायचं काम आम्हा चार-पाच जणांकडे आलंय. डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची यावर कुणाचं दुमत नाही. गाडी अडलीय ती फर्मवेअरपाशी. व्हॉट्सअॅपवर या विषयाचा चोथा झाला, म्हणून इथे नीट मांडतो.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड, ग्राफिक्स चिप, साउंड चिप यांत प्रत्येकी एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्यावर चालणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. पूर्वी तो चिपमध्येच कायमचा भरून यायचा. पुढे कंपन्यांनी खर्च वाचवायला ती कायमची मेमरी काढून टाकली. आता मशीन सुरू झालं की दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिमने ती फाइल कार्डाला पोचवायची. फाइल नसेल तर कार्ड ढिम्म हलत नाही. आणि ही फाइल बहुतेक वेळा नुसती बायनरी मिळते. सोर्स (माणसाला वाचता येणारा मूळ कोड) नाही, बदलायचा हक्क नाही, फार तर जशीच्या तशी वाटायची परवानगी.

डेबियन ११ पर्यंतची अधिकृत प्रत ज्यांनी लॅपटॉपवर टाकलीय त्यांना तो पडदा आठवत असेल. इन्स्टॉलर मध्येच थांबायचा, एका फाइलचं नाव दाखवायचा आणि म्हणायचा, ही फाइल पेनड्राइव्हवर असेल तर लावा. कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ओळ पडलेली असायची: डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड, एरर -२. उणे दोनचा अर्थ फाइलच सापडली नाही. ती फाइल आणायला नेट पाहिजे आणि नेट लागायला ती फाइल पाहिजे. शेजारी दुसरा संगणक असेल त्याचं निभायचं. नसेल तो डेबियनचा नाद सोडायचा.

हे असं का होतं त्यालाही इतिहास आहे. डेबियनचा सामाजिक करार १९९७ चा आणि त्यातलं पहिलंच वचन म्हणजे डेबियन शंभर टक्के मुक्त राहील, म्हणजे कुणालाही त्याचा सोर्स वाचता, बदलता, वाटता येईल. २००४ मध्ये कराराची भाषा आणखी कडक झाली आणि कर्नलमधल्या बंद फाइली उघड उघड कराराबाहेर गेल्या. २००६ मध्ये एच आणि २००८ मध्ये लेनी या आवृत्त्यांच्या वेळी मतदान घेऊन "या खेपेपुरतं चालवून घेऊ" असं ठरलं. २०११ च्या स्क्वीझमध्ये मात्र त्या फाइली कर्नलमधून खरोखर काढल्या आणि नॉन-फ्री (मुक्त नसलेल्या) विभागात ठेवल्या. मग फर्मवेअरसकट असलेल्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या प्रती) वेगळ्या निघायला लागल्या. बनवणारे डेबियनचेच लोक, पण शिक्का "अनधिकृत". नव्या माणसाला त्या सहज सापडायच्याही नाहीत.

२०२२ मध्ये डेबियनचे एक डेव्हलपर स्टीव्ह मॅकिन्टायर यांनी हा विषय पुन्हा उकरून काढला. सहा पर्याय मतदानाला आले. एक पर्याय तर असा होता की बंद फर्मवेअर असलेला इन्स्टॉलर डेबियनचा म्हणायचाच नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला निकाल लागला. करारात बदल करायचा तर तीनास एक असं बहुमत लागतं, आणि ते मिळालं. करारात वाक्य आलं की एरवी डेबियनचा भाग नसलेलं फर्मवेअर अधिकृत माध्यमांत असू शकेल, ज्या हार्डवेअरला ते लागतं त्यावर डेबियन चालावं म्हणून. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते अमलात आलं. "नॉन-फ्री-फर्मवेअर" असा वेगळा विभाग निघाला आणि इन्स्टॉलर एकच राहिला.

त्या ठरावाचा पुढचा भाग फार कमी लोक वाचतात, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. जिथे जमेल तिथे हे फर्मवेअर सुरुवातीलाच बंद करायची सोय देऊ. कोणतं फर्मवेअर चढलं, मुक्त असो वा बंद, ते वापरणाऱ्याला सांगू आणि त्याची नोंद त्याच्या मशीनवर ठेवू. आणि त्या फाइलींना सुरक्षा अपडेट इतर सॉफ्टवेअरसारखेच देऊ.

माझं मत सरळ आहे. फर्मवेअर घ्यावं. पण वेगळ्या कप्प्यात, नावानिशी, आणि नको म्हणायची वाट उघडी ठेवून. उबंटू या लोकप्रिय लिनक्ससारखं सगळं गुपचूप आत घालणं मला पटत नाही, आणि मुलांच्या हातात बंद पडलेलं वायफाय देणंही पटत नाही. आमच्यातल्या दोघांना ट्रिस्केल हवंय, म्हणजे बंद फर्मवेअर अजिबात न देणारं लिनक्स. बोला.

अक्कलकोटकर

त्या दोघांपैकी एक मीच, म्हणून पहिला प्रतिसाद माझा.

तू इतिहास बरोबर सांगितलास, पण त्यात एक गोष्ट राहिली. २०११ ते २०२३ ही बारा वर्षं डेबियन टाकणारा माणूस लॅपटॉप घ्यायच्या आधी चौकशी करायचा, की यात वायफायची चिप कुठली? ती चौकशी त्या अडणाऱ्या पडद्यामुळे व्हायची. पडदा गेला, चौकशी गेली. आता सगळं आपोआप चालतं, मग कंपनीकडे सोर्स मागणार कोण?

मागितल्यावर मिळतो, याचा पुरावा आहे. २०१३ मध्ये क्वालकॉम अथेरॉसने एआर९२७१ या यूएसबी वायफाय चिपच्या फर्मवेअरचा सोर्स मुक्त परवान्याखाली खुला केला. आज ते फर्मवेअर डेबियनच्या मेन (मुख्य, पूर्ण मुक्त) विभागात आहे, शंभर टक्के कराराच्या आत. त्याच कंपनीची एथ-नाइन-के ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या कर्नलच्या भागावर) चालणारी आतली कार्डं तर बाहेरून काही मागतच नाहीत. लोकांनी आग्रह धरला म्हणून हे झालं. "चालतंय ना, मग राहू दे" म्हणणाऱ्यांमुळे झालेलं नाही.

मुक्त सॉफ्टवेअर फाउंडेशन, म्हणजे या चळवळीची मूळ संस्था, तिचे निकष स्पष्ट आहेत. बंद फर्मवेअर देणारी किंवा सुचवणारी प्रणाली त्यांच्या यादीत बसत नाही. ट्रिस्केल, प्युअरओएस, ग्विक्स बसतात. लॅटिन अमेरिकेतल्या त्यांच्या संस्थेचे अलेक्झांड्र ऑलिव्हा आणि मंडळी लिनक्स-लिबर नावाचं कर्नल कितीतरी वर्षं सांभाळतायत. मूळ कर्नलमधून बंद फाइली तर काढतातच, पण त्या मागणाऱ्या ओळींतली फाइलींची नावंही पुसतात, म्हणजे माणसाला बंद गोष्टीकडे ढकललं जाऊ नये. तुम्हाला हे टोकाचं वाटेल. पण शाळा आहे ती. मुलांना पहिल्या दिवशी "हे सगळं तुमचं, वाचा, बदला, वाटा" सांगायचं आणि मागून एक बंद फाइल सरकवायची, हे मला जमणार नाही.

आणि व्यवहाराचं बोलू. लॅब आहे. लॅपटॉप टेबलावर बसून राहणार. वायफाय लागतंच कशाला? लॅनची वायर ओढा. इंटेलच्या वायर्ड पोर्टाला फर्मवेअरची फाइल लागत नाही, रिअलटेकचे बहुतेक पोर्ट तिच्याशिवाय चालतात. स्विच आणि वायरचा खर्च शाळेला झेपेल, नाही झेपला तर वर्गणी काढू. पहिली शंभर मीटर वायर माझ्याकडून.

पंढरपूर फास्ट

काका, एआर९२७१ चा डोंगल घ्यायचा म्हटलं तर एक गोष्ट बघून घ्या. टीपी-लिंकचा ७२२एन सगळे सुचवतात, पण त्याच्या पहिल्या आवृत्तीतच ती अथेरॉसची चिप होती. आवृत्ती २ आणि ३ मध्ये रिअलटेक आहे. नाव तेच. डब्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात व्हर्जन असतं. आता बाजारात पहिली आवृत्ती जुन्यातच मिळते. आमच्या कॉलेजात मुलं हाच डोंगल शोधत फिरतात, म्हणून माहिती.

लॅनची आयडिया लई भारी आहे.

बार्शी लाइट

चांगला धागा. मी पुण्यात नेटवर्कचं काम करतो, घरी ओपनबीएसडी ही लिनक्सहून वेगळी मुक्त प्रणाली वापरतो, त्यामुळे तिसरी बाजू मांडतो.

प्रत्येक प्रकल्प "इथपर्यंत चालेल" अशी एक रेघ मारतो, आणि ती रेघ प्रत्येकाने वेगळ्या जागी मारलीय. ओपनबीएसडीचे लोक मुक्त ड्रायव्हरसाठी भांडायला कमी करत नाहीत. मुख्य प्रोसेसरवर चालणारा बंद ड्रायव्हर त्यांना अजिबात चालत नाही. पण जे कार्डाच्या आत चालतं ते फर्मवेअर त्यांना चालतं, अट एकच, की ते वाटायचा हक्क मिळाला पाहिजे. ज्याचा परवाना पुरेसा मोकळा आहे ते मूळ प्रणालीतच येतं. ज्याचा तेवढा मोकळा नाही ते एका छोट्या कमांडने त्यांच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यायचं. फेडोरा या लिनक्सचंही जवळपास तसंच: फर्मवेअर मुख्य प्रोसेसरवर चालणारं नसावं, ते असल्याशिवाय हार्डवेअर चालत नसावं, आणि वाटायला परवानगी असावी.

आता फाउंडेशनची रेघ बघा. त्यांच्या "रिस्पेक्ट्स युवर फ्रीडम" प्रमाणपत्रात एक सूट आहे. दुय्यम प्रोसेसरमधलं सॉफ्टवेअर विकत घेतल्यावर कधीच बदलायचं नसेल, तर ते हार्डवेअरचाच भाग धरतात. याचा परिणाम काय होतो? प्युरिझम कंपनीने लिब्रेम ५ फोन करताना मेमरी जुळवणारी बंद फाइल मुख्य प्रणालीतून काढली, वेगळ्या फ्लॅश चिपमध्ये ठेवली आणि ती चढवायचं काम दुसऱ्या छोट्या प्रोसेसरला दिलं. कोड तोच. फक्त दिसेनासा झाला. काका, तुमच्याबद्दल मला आदर आहे, पण या नियमाने स्वातंत्र्य कसं वाढलं हे मला अजून कळलेलं नाही.

दुसरं, मायक्रोकोड. प्रोसेसरच्या आतही दुरुस्त करता येण्यासारखा एक थर असतो. कारखान्यातून तो बंदच येतो, आपण काही केलं नाही तरी तो चालूच असतो. नवा मायक्रोकोड कर्नल दर वेळी सुरुवातीलाच चढवतो आणि मशीन बंद केलं की तो पुसला जातो. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष उघड झाले, जुलै २०२३ मध्ये एएमडीचा झेनब्लीड, ऑगस्ट २०२३ मध्ये इंटेलचा डाउनफॉल. डाउनफॉल सहाव्या पिढीपासून अकराव्या पिढीपर्यंतच्या इंटेल प्रोसेसरना लागू आहे, म्हणजे कंपन्यांतून असे दान होणारे लॅपटॉप नेमके त्यातलेच असतात. यावरची मूळ दुरुस्ती मायक्रोकोडमध्ये आहे. ट्रिस्केल टाकलं तर ती प्रणाली देणार नाही. मग मशीनवर मुक्त मायक्रोकोड राहतो का? नाही. जुना बंद मायक्रोकोड राहतो, माहीत असलेल्या भोकासकट.

लिबरबूट तर बायॉसच्या (मशीन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमच्या) जागी बसणारं, या बाबतीत सगळ्यांत कडक नाव. त्यांनीही नोव्हेंबर २०२२ मध्ये धोरण बदललं. बंद फाइल अजिबात नको, इथून निघून शक्य तितक्या कमी, इथे आले. डेबियनचा निकाल आणि हे, एक-दोन महिन्यांच्या अंतरातलं आहे.

अक्कलकोटकर

बार्शीकर, मायक्रोकोडचा मुद्दा वजनदार आहे. त्याला बायॉसच्या अपडेटमधून काही अंशी वाट निघते, पण इतक्या जुन्या मॉडेलांना कंपन्या बायॉस देत राहत नाहीत हेही मला ठाऊक आहे.

दुय्यम प्रोसेसरच्या सुटीमागचा विचार मात्र तुम्ही अर्धाच सांगितला. चिपमध्ये कायमचा गोठवलेला कोड तुम्ही बदलू शकत नाही आणि कंपनीही बदलू शकत नाही. दोघं सारखेच. फाइल चढवायची झाली की कंपनीला बदलता येतं आणि तुम्हाला येत नाही. सत्ता एका बाजूला झुकते. प्रश्न सत्तेचा आहे. त्यात आता सह्यांची भर. एनव्हिडियाच्या २०१४ नंतरच्या ग्राफिक्स कार्डांना कंपनीची डिजिटल सही असलेलंच फर्मवेअर लागतं. उद्या कुणी मुक्त फर्मवेअर लिहिलं तरी कार्ड ते घेणार नाही. या कार्डांसाठीचा मुक्त नुव्हो ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षं यातच हाल काढले. डेबियनने ती सही केलेली फाइल अधिकृत आयएसओत घेतली म्हणजे या पद्धतीला मान डोलावली, असं मी म्हणतो.

जेकार्ड

मी संगणकवाला नाही. घरचा पॉवरलूमचा धंदा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. चादरीचे माग आहेत. मुलगा हे फोरम वाचतो, त्याने हा धागा दाखवला आणि "कायमचं गोठवलेलं म्हणजे दोघं सारखे" हे वाचून लिहायला बसलो.

आमच्याकडं आधी जेकार्डला (मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्राला) भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ असायची. डिझाइन बदलायचं तर पत्ते नवे पाडायचे, वेळ जायचा, पण पत्ता हातात धरून उजेडात बघितला की कुठला धागा उचलणार ते दिसायचं. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आहे. डिझाइनची फाइल पेनड्राइव्हवर घालून कंट्रोलरला द्यायची, कंट्रोलर मॅग्नेटना इशारा देतो, हूक उचलतात. डिझाइन आमचं. कंट्रोलरच्या आतला प्रोग्रॅम आमचा नाही, तो चिपमध्ये बंद.

आमच्या एका कंट्रोलरचं असं झालं की बनवणाऱ्याने ते मॉडेल बंद केलं. चिप बिघडली. बोर्ड मिळेल, पण आत घालायचा प्रोग्रॅम कुणाकडं नाही. बनवणाराही फोनवर सांगतो, जुनं आता नाही आमच्याकडं. माग उभा. शेवटी पूर्ण कंट्रोलर बदलावा लागला आणि सगळी जुनी डिझाइनं नव्या फॉरमॅटमध्ये करून घ्यावी लागली. कारागीर तोवर घरी.

अक्कलकोटकर साहेब, तुम्ही म्हणता तसं मी आणि बनवणारा, दोघंही ते बदलू शकत नव्हतो. सारखेच होतो. पण भुर्दंड मला पडला, त्याला नाही. तीच चीज दर वेळी पेनड्राइव्हवरून चढवायची फाइल असती तर मी पहिल्या दिवशी तिच्या चार प्रती करून कपाटात ठेवल्या असत्या. बंद का असेना, माझ्या हातात तर असती.

म्हणून मला होटगी रोड यांचं पटतं. फाइल दिसू द्या, तिला नाव असू द्या, कुठं ठेवलीय ते माहीत असू द्या. आपल्या पूर्व भागातली पोरं उद्या अशाच मशिनींवर कामाला लागणार आहेत. मशीनमध्ये काय चाललंय ते विचारायची सवय त्यांना लागली तर शाळेने लई मोठं काम केलं म्हणेन.

बार्शी लाइट

जेकार्ड साहेब, यात आणखी एक भर. हातात फाइल असली की तिचा अभ्यासही होतो. इटलीत ब्रेशिया विद्यापीठातल्या लोकांनी ब्रॉडकॉमच्या काही जुन्या वायफाय चिपांसाठी मुक्त फर्मवेअर लिहिलं, ते शक्य झालं कारण त्या चिपा बाहेरून दिलेली फाइल घेतात, सही मागत नाहीत. कोड चिपमध्ये गोठवलेला असता तर लिहूनही तो चढवायचा कुठे? सहीबद्दल मात्र मी काकांच्या बाजूने. खरा अडथळा तो आहे.

ऐकणारी

मी शिक्षिका आहे, पूर्ण दृष्टिहीन. विंडोजवर एनव्हीडीए आणि लिनक्सवर ऑर्का हे पडदा वाचून दाखवणारे प्रोग्रॅम वापरते. चर्चेत एक बाजू आलेली नाही, ती मांडते.

डेबियनचा इन्स्टॉलर सुरू झाला की एक बीप वाजतो. त्या क्षणी कीबोर्डवर एस दाबून एंटर केलं की इन्स्टॉलर बोलायला लागतो. पुढचा प्रत्येक प्रश्न, भाषा, डिस्क, पासवर्ड, तो वाचून दाखवतो आणि मी कुणाच्या मदतीशिवाय प्रणाली टाकू शकते. किती कमी प्रणालींत ही सोय इतकी मनापासून केलेली आहे हे आमच्यापैकी वापरणाऱ्यांना विचारा.

आता गेल्या काही वर्षांतल्या इंटेलच्या लॅपटॉपांत आवाजाची चिपही फर्मवेअरची फाइल मागते. फाइल नाही, आवाज नाही. डेबियन ११ च्या अधिकृत प्रतीत काय व्हायचं बघा. इन्स्टॉलर पडद्यावर लिहायचा की फर्मवेअर लागतंय, पेनड्राइव्ह लावा. ते वाचून दाखवायला जो आवाज लागतो त्याचंच फर्मवेअर नाही. वायफाय नसेल तर डोळस माणसाची गैरसोय होते, मला तर काही झालंय हेसुद्धा कळायचं नाही. काळ्या शांत पेटीसमोर बसून राहायचं आणि घरातल्या कुणाला तरी हाक मारायची. मॅकिन्टायर यांनी २०२२ मध्ये हा विषय काढला तेव्हा दृष्टिहीन वापरकर्त्यांची ही अडचण कारणांमध्ये होती, ते वाचून मला फार बरं वाटलं होतं.

अक्कलकोटकर सर, त्या फर्मवेअरची गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगते. साउंड ओपन फर्मवेअर हा प्रकल्प आहे, त्याचा सोर्स खुला आहे, कुणीही वाचावा. पण बाजारातले बहुतेक लॅपटॉप इंटेलची सही असलेलीच प्रत चालवतात. म्हणून डेबियनमध्ये ते पॅकेज "साइन्ड" असं नाव लावून बंद विभागात आहे. सोर्स खुला असून कप्पा बंद. तुमचा सहीवरचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्या रागाची किंमत म्हणून पहिल्या दिवशीचा आवाज काढून घेऊ नका. ज्यांना नको त्यांनी फर्मवेअर सुरुवातीला बंद करावं, ज्यांना पडदा दिसतो त्यांना ते जमतं. मला आधी आवाज लागतो, मग मी नको म्हणू शकते.

होटगी रोड, तुमच्या लॅबमध्ये दृष्टिहीन विद्यार्थी येणार आहेत का? आज नसतील, पुढच्या जूनमध्ये येतील. ऑर्काला मराठी आवाज ई-स्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रॅममधून मिळतो. यांत्रिक आहे, पण स्पष्ट आहे. लावून ठेवा.

अक्कलकोटकर

ताई, हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. आवाजाच्या बाबतीत माझी हरकत नाही. बाकी मुद्द्यांवर मी आहे तिथेच आहे.

जेकार्ड, तुमचा उभा राहिलेला माग विसरणं अवघड आहे. पण बघा, बनवणाऱ्याने सोर्स दिला असता तर ना चार प्रती लागल्या असत्या, ना त्याच्या फोनची वाट बघावी लागली असती. मी तेच मागतोय.

होटगी रोड

सगळ्यांचे आभार. काल शाळेत मुख्याध्यापिका बाई, आमचे चौघं आणि दहावीची काही मुलं अशी बैठक घेतली, हा धागा मोठ्याने वाचला. जे ठरलं ते लिहितो.

सगळ्या मशीनवर डेबियन १३ ची अधिकृत प्रत. लॅब वायरने जोडायची, काकांचा मुद्दा बिनतोड होता. वायफायचं बंद फर्मवेअर लॅबच्या मशीनवरून काढून टाकायचं, कारण त्याची गरजच उरत नाही. काही लॅपटॉपमध्ये अथेरॉसची कार्डं निघाली, त्यांना तसंही फाइल लागत नाही. त्यांचं वायफाय चालू राहील. एखादा लॅपटॉप वर्गात उचलून न्यायचा झाला तर तो यांतला.

मायक्रोकोड सगळ्यांवर राहील आणि अपडेट होत राहील. मुलं ब्राउझर उघडणार, माहीत असलेलं भोक उघडं ठेवायची जबाबदारी मी घेणार नाही. दोन मशीन एएमडीची आहेत, त्यांच्या ग्राफिक्सला फर्मवेअर लागतं, त्याशिवाय पडदा धड चालत नाही, ते ठेवलं. आवाजाचं जिथे लागतं तिथे ठेवलं. ऐकणारी ताई, ऑर्का आणि मराठी आवाज प्रत्येक मशीनवर असेल, आणि इन्स्टॉल करताना एक मशीन आम्ही बोलत्या इन्स्टॉलरनेच करणार आहोत, पडदा झाकून.

आता नोंदीचं. प्रत्येक लॅपटॉपच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवायची. त्यावर त्या मशीनवर असलेल्या प्रत्येक बंद फाइलचं पॅकेज, ती कुठल्या भागासाठी आहे, आणि ती काढली तर काय बंद पडेल. हे मुलंच शोधून लिहिणार. डेबियनमध्ये चेक-डीएफएसजी-स्टेटस नावाचं छोटं साधन आहे, जुन्या मंडळींना ते व्हीआरएमएस म्हणून आठवेल. चालवलं की मशीनवर मुक्त नसलेलं काय काय आहे त्याची यादी देतं. नववीच्या पहिल्या तासाला हेच चालवायचं असं बाईंनीच सुचवलं. एका मुलीने विचारलं, "सर, ही फाइल नको असेल तर कुणाला पत्र लिहायचं?" काका, त्या पत्राचा मसुदा तुम्ही करून द्या. मराठीत आणि इंग्रजीत. चिप बनवणाऱ्यांना मुलांच्या सहीने पाठवू.

उबंटू टाकलं असतं तर दुपारपर्यंत मोकळे झालो असतो, हे एकाने बोलून दाखवलं. खरं आहे. पण मग ती चिठ्ठी लिहायला कुणी बसलं नसतं.

अक्कलकोटकर

मसुदा दोन दिवसांत देतो. त्यात सही न मागणाऱ्या चिपांची मागणी आधी आणि सोर्सची नंतर घालतो, बार्शीकरांनी त्यावर नजर टाकावी.

आणि माझा थिंकपॅड एक्स२०० लॅबला देतो. लिबरबूट आहे, ट्रिस्केल आहे, आतलं वायफाय कार्ड बदलून अथेरॉसचं घातलंय. तो तुमच्या मशिनींच्या शेजारीच ठेवा. त्यावर चिठ्ठी लावायची झाली तर लिहा की इथे प्रणालीने चढवलेली एकही बंद फाइल नाही. हार्ड डिस्कच्या आतल्या कंट्रोलरमध्ये बंद कोड आहेच, तोही लिहा. लपवायचं कुणाचंच नाही.

पंढरपूर फास्ट

एक प्रश्न विचारतो, थोडा धाग्याबाहेरचा. माझ्या घरच्या लॅपटॉपवर डेबियन ११ आहे, नॉन-फ्री विभाग चालू करून फर्मवेअर टाकलेलं. १२ वर जायचंय. तसंच चालेल ना?

बार्शी लाइट

धाग्यातलाच आहे. फर्मवेअर १२ पासून नॉन-फ्री मधून निघून नॉन-फ्री-फर्मवेअर या नव्या विभागात गेलंय. एपीटीच्या (पॅकेज उतरवणाऱ्या साधनाच्या) सोर्सेस फाइलमध्ये मेनच्या पुढे तो शब्द हाताने लिहावा लागेल. नाही लिहिला तर आज वायफाय चालत राहील, कारण जुनी फाइल डिस्कवर आहेच. पण तिला अपडेट मिळणार नाहीत, मायक्रोकोडलाही नाहीत. एपीटी तशी सूचना देतो, ती वाचा, दाबून टाकू नका. आणि नॉन-फ्री मधलं फर्मवेअर सोडून दुसरं काही वापरत नसशील तर तो विभाग काढून टाक, यादी तेवढी स्वच्छ राहते. आधी बॅकअप.

होटगी रोड

रविवारी सकाळी दहाला शाळेत वायर ओढायला सुरुवात करतोय. पंढरपूर फास्ट, येणार असशील तर क्रिम्पिंग टूल घेऊन ये, आमच्याकडे एकच आहे. जेकार्ड साहेब, तुमच्या मुलालाही पाठवा की. आणि काका, ती शंभर मीटर वायर शनिवारीच मिळाली तर बरं होईल.